चिमूटभर मिसरी

"शालन, तवा बघ गं, करपंल सगळं!" आत्या परड्यातून ओरडल्या. मी मशीनवरून उठले नाही.

हाताखाली ब्लाऊज होतं, पायाखाली पायडल चालू होतं आणि नाकात तो वास होता. तंबाखू तव्यावर भाजायला लागली की आधी ठसका लागतो, मग डोळ्यांत पाणी येतं. आणि ज्याला सवय आहे त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या सुटलं होतं.

"बघतीयास न्हवं?"

"तुमचा तवा, तुमची तंबाखू. मला कशाला सांगताय?"

चुलीपाशी उलथनं आपटल्याचा आवाज आला. माझी सासू हौसाबाई, जिला मी आत्या म्हणायचे, रागावली की माणसांशी न बोलता भांड्यांशी बोलायची.

या भाजलेल्या तंबाखूला आमच्या भागात मिसरी म्हणतात, शहरगावात मशेरी. तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची आणि बोटानं दाताला लावायची. गल्लीतल्या बायका सकाळी उंबऱ्यात बसून, बोट तोंडात घालून अर्धा अर्धा तास गप्पा हाणायच्या. बोट तोंडात असूनही कुणाचं बोलणं कधी अडलं नाही. मीही त्यातलीच होते, कालपर्यंत.

काल मी आणि माझा नवरा संपत विट्याला शेटेबाईंच्या दवाखान्यात जाऊन आलो होतो. लग्नाला चार वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथा महिना लागायच्या आत सगळं गेलं. मला मूल हवं होतं, जीव तुटेपर्यंत हवं होतं. पण ते तसं जाणं तिसऱ्यांदा नको होतं.

शेटेबाईंनी आधी रक्त तपासलं, मग म्हणाल्या, "दात दाखवा."

"मी पोटासाठी आलेय, बाई."

"कळलं. दाखवा."

दाखवले. त्यांनी बॅटरी लावून बघितलं आणि बंद केली. "मिसरी लावता. किती वेळा?"

"सकाळी. जेवल्यावर. शिवण उसवायची पाळी आली की."

"म्हणजे सारखीच. तुम्ही शिवता का? मग मला सांगा, ब्लाऊजचं अस्तर आणलं की लगेच कापता?"

"नाही. आधी भिजवून वाळवते. नाहीतर शिवल्यावर आटतं, मग सगळं ओढलं जातं."

"मग स्वतःच्या बाबतीत का घाई? तुमचं रक्त आठावर आहे आणि त्यात ही तंबाखू. दोन्ही वेळा हिच्यामुळंच गेलं असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण हिच्यामुळं जाऊ शकतं, एवढं नक्की. तीन महिने मिसरी बंद. रक्त वाढायची गोळी, फॉलिक ॲसिडची गोळी, पालेभाजी, कडधान्य, वर लिंबू पिळायचं. जेवणावर चहा नाही. तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. शरीर तयार झालं की मग मूल."

संपत गालातल्या गालात हसत होता. बाईंनी त्याच्याकडं मान वळवली. "आणि तुम्ही काय हसताय? खिशात काय फुगलंय?"

खिशात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी होती. पुरुषाच्या बीजावरही हिचा परिणाम होतो हे ऐकल्यावर त्याचं हसू मावळलं. परत येताना त्यानं गाडी थांबवली, दोन्ही वस्तू ओढ्यात भिरकावल्या आणि म्हणाला, "आजपासनं बंद. मर्दाचा शब्द हाय." तो दूध संघाचा टेम्पो चालवायचा आणि बोलायलाही तसाच होता, गिअर टाकला की सुसाट.

घरी आल्यावर त्यानं सगळं आईला सांगितलं. आत्या ऐकत होत्या. 'दात दाखव म्हणाल्या' इथं त्यांचा हात तोंडाशी गेला. मग त्या भडकल्या.

"लेकरू पायजे म्हनून गेला आन् लेकरू नगं म्हनून आला? ह्यो कसला दवाखाना? मिसरीनं काय हुतंय! माझी सहा झाली. हिच्यावरच झाली. ती डाक्टरीन झाली का सा येळंला बाळत?"

"आई, तिनं शिकल्यालं असतं."

"शिकल्यालं असतं, सोसल्यालं नसतं. तू गप बस. आन् गड्याला काय हुतंय तंबाखूनं? तुझा बा आख्खं पान खायाचा."

मला भांडायचं नव्हतं, विशेषतः त्यांच्याशी नव्हतं.

कारण मिसरी मला त्यांनीच लावली होती. लग्न होऊन आले तेव्हा ही बाई माझ्याशी कामापुरतं बोलायची. मीठ कुठंय, पाणी आलं का, एवढंच. वर्षभर तसंच गेलं. मग एकदा माझी दाढ उठली. गालाला हात लावून बसले होते, तर शेजारी येऊन बसल्या, डबी उघडली आणि म्हणाल्या, "घे. दाढंखाली धर." डोकं गरगरलं, उलटी झाली, आणि दाढ दुखायची राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी न विचारता डबी पुढं केली. तेव्हापासून आमच्या दोघींच्या सकाळी एकाच उंबऱ्यावर सुरू व्हायच्या. त्यांनी मला त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगितल्या, मी माझ्या. दोन्ही वेळा पोट रिकामं झालं तेव्हा दुसरं कुणीच काही बोललं नाही, पण त्यांनी डबी पुढं केली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मिसरी सोडणं म्हणजे नुसती तंबाखू सोडणं नव्हतं, उंबऱ्यावरची माझी जागा सोडणं होतं.

पहिल्या आठवड्यात मला वेड लागायची पाळी आली. डोकं ठणकायचं, झोप लागायची नाही, पोट साफ व्हायचं नाही. पायडल थांबलं की उजव्या हाताचं बोट आपोआप तोंडाकडं जायचं. ते मी चावायचे. बडीशेप खाल्ली, लवंगा खाल्ल्या, दोऱ्याची टोकं चघळली. शिवायला बसले की उठावंसं वाटायचं आणि उठले की कुठं जायचं ते कळायचं नाही. परड्यात जाऊन यायचे, दारात जाऊन यायचे, भरलेली घागर ओतून पुन्हा भरून आणायचे. पोलीस पाटलांच्या बायकोच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या लावल्या आणि वर तिलाच म्हणाले, "मापाला येताना तुम्ही वाकडं उभं राहता." ती पुन्हा आली नाही.

आत्या रोज सकाळी डबी घेऊन उंबऱ्यात बसायच्या. शेजारची काशाक्का येऊन बसायची, माझ्या जागेवर. मी आतून ऐकायचे.

"सून बाह्यर येत न्हाई ती?" काशाक्का विचारायची.

"ती दवाखान्याची झाली. आमचा वास येतोय तिला."

"येऊं दे की. आपन तर आख्खी जिंदगी त्याच वासात काढली."

मग दोघी हसायच्या. मला त्या हसण्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त, त्या हसण्यात आपण नाही याचा यायचा. दहा पावलांवर बसलेल्या माणसाची आठवण येते, हे मला तेव्हा कळलं.

एक दिवस मी म्हणाले, "आत्या, भाजायचं तेवढं घरात भाजू नका. वास आला की माझा जीव कासावीस होतो."

त्यांनी तवा उचलला तो थेट काशाक्काच्या परड्यात नेला. तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, "माझ्याच घरातनं मला भाईर काढलीस." आणि मग पुन्हा ते पालुपद, माझी सहा झाली.

संपतचा मर्दाचा शब्द महिनाभरही टिकला नाही. टेम्पोतली सीटखालची फडकी धुवायला काढली तर त्यात गुटख्याच्या पुड्या निघाल्या, माळच्या माळ. संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा ती माळ मी ताटात ठेवली.

"हे काय?"

"कालवण."

"शालन, दिसभर गाडीवर असतो मी. झोप येते."

"मला झोप येत नाही. अदलाबदल करूया का?"

"मी सोडतोय की हळूहळू."

"हळूहळू? मी हळूहळू सोडली का? माझ्या अंगातून रोज काहीतरी ओढून काढतंय असं वाटतंय, आणि तुम्ही म्हणे हळूहळू! मूल काय मी एकटीनं आणायचंय?"

तो ताटावरून उठला. आत्या चुलीपाशी बसून ऐकत होत्या. मला वाटलं आता लेकाची बाजू घेतील. त्यांनी नुसता विस्तव पुढं ओढला.

दोन महिने झाले. शेटेबाईंनी पुन्हा रक्त तपासलं, दहाच्या वर गेलं होतं. "छान चाललंय," त्या म्हणाल्या, "सोडू नका आता." मला वाटलं, सुटलं. आता नाही मागं वळायचं.

आणि मग काशाक्काच्या नातवाचं बारसं आलं.

पाळण्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही बायका उभ्या होतो. बाळाला पाळण्याखालून आणि वरून या हातातून त्या हातात द्यायचं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. माझ्या समोर आत्या होत्या. त्यांनी बाळ घेतलं, पुढं केलं. मी दोन्ही हात पसरले. तेवढ्यात काशाक्का मधे घुसली, माझ्या हातांवरून वाकली आणि बाळ स्वतः घेतलं.

"तू ऱ्हाऊं दे, शालन," ती म्हणाली. "तू घुगऱ्या वाट जा."

आवाज गोड होता. कुणी हसलं नाही, कुणी थांबलं नाही, गाणं पुढं चालू राहिलं. पण सगळ्यांना कळलं. दोनदा पोट पडलेल्या बाईचा हात नको. मी आत्यांकडं बघितलं. त्या जमिनीकडं बघत होत्या.

मी घुगऱ्या वाटल्या नाहीत. सरळ घरी आले. भर दुपार होती, गल्लीत कुत्रंही नव्हतं. मला रडू येत नव्हतं. माझं सगळं अंग एकच गोष्ट मागत होतं. कोनाड्यात हात घातला, डबी नव्हती. फडताळात बघितलं, गाडग्यात बघितलं, आत्यांच्या अंथरुणाखाली बघितलं. मग पावलं वाजली. आत्या माझ्या मागोमाग बारसं सोडून आल्या होत्या.

"डबी कुठंय?" मी विचारलं.

त्यांनी कनवटीची डबी काढली.

"द्या."

त्यांनी झाकण उघडलं. तो वास आला. मी तळहात पुढं केला. दोन महिने ह्या बाईला हेच तर हवं होतं, मी पुन्हा शेजारी येऊन बसावं. आता देतील, मी लावेन, आणि हे सगळं संपेल. गोळ्या, लिंबू, ती शेटेबाई, ती आशा, सगळं.

आत्या डबी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"बस."

"बसायचं नाही मला. द्या तुम्ही."

"बस म्हनते न्हवं."

मी बसले. त्याही बसल्या, भिंतीला टेकून.

"संपाच्या वक्ताला माझ्या तोंडात ह्यातलं कायबी नव्हतं," त्या म्हणाल्या. "थोरलीच्या येळंला न्हाई, धाकटीच्याबी न्हाई. तिगंबी कशी दनकट झाली. मग संपा चालाय लागल्यावर माझी दाढ उठली. सासू आली, शेजारी बसली, चिमूट दिली. तवर ती माझ्याशी बोलत नव्हती. म्या म्हनलं, बरं झालं, दाढ दुखली."

"मग?"

"मग तीन झाली."

माझी सहा झाली, सहा झाली, हे मी चार वर्षं ऐकत होते. नांदायला गेलेल्या दोन नणंदा आणि माझा नवरा, एवढेच तिघं. आमच्याकडं बाईनं किती वेळा जन्म दिला ते मोजतात. किती राहिले ते विचारायची रीत नाही. मीही विचारलं नव्हतं.

"एक पोटातच ऱ्हायलं. एक दीस उजाडायच्या आत गेलं. एक पोरगी हुती, तिनं डोळं उघडून बघितलं माझ्याकडं." आत्या डबीतल्या काळ्या भुकटीकडं बघून बोलत होत्या. "त्यास्नी वजनच न्हवतं, शालन. हातात घेतलं तर नुसतं दुपटंच हातात हाय आसं वाटायचं. म्या दोनदोनदा उघडून बघायची, आत हाय का न्हाई म्हनून."

"मिसरीनं गेली?"

"मला काय ठावं? कोन म्हनलं करनी. कोन म्हनलं, संपाच्या पाठीवर टिकत न्हाईत. नवस केलं, अंगारं लावलं. दात दाखव म्हनून कोन न्हाई म्हनलं. तुझी ती डाक्टरीन म्हनली आन् संपानं घरी येऊन सांगितलं, तवा माझी ती तीन डोळ्यांम्होरं आली. म्हनून तर भांडले म्या तुझ्याशी. तिचं खरं निघालं तर म्या काय करू? तुला पैली चिमूट कुनी दिली? म्या दिली."

शेजारून बारशाचं गाणं ऐकू आलं तशी त्यांनी तिकडं मान वळवली.

"आन् आज त्या काशीनं काय केलं? तुझ्या हातात पोर दिलं न्हाई. माझ्या हातातनं खुशाल घेतलं. सा पोरांची आई म्हनून पैला मान मला. माझी तीन कुनाला आठवत्यात? तुझी दोन तेवढी सगळ्यांस्नी आठवत्यात. आन् म्या तोंड मिटून उभी ऱ्हायले."

त्यांनी चिमूट उचलली. माझा हात अजून पुढं होता. त्यांनी ती चिमूट स्वतःच्या दातांना लावली, बोट फिरवलं, डबीचं झाकण दाबलं आणि डबी कनवटीला खोचली.

"मला आता काय व्हायाचंय? माझं हुईल तसं हुईल. पर तुला न्हाई देनार. पाया पडलीस तरी न्हाई."

मी पायाही पडले असते. पण त्याआधी मी त्यांना नको नको ते बोलले. स्वतः चोळत बसताय आणि मला उपाशी मारताय, असलं काहीतरी. त्या ऐकत बसल्या, तोंडात बोट घालून, डोळ्यांतून पाणी गाळत. मग मी मशीनवर जाऊन बसले आणि दोरा न ओवता नुसतं पायडल मारत राहिले. खूप वेळ. मशीन रिकामं धडधडत होतं आणि आत्या ते बंद कर असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर घरात एक नवीनच कारभार सुरू झाला. संपत कामावरून आला की आत्या दारात उभ्या. "जीब दाखव." तो म्हणायचा, "आई, मी काय ल्हान हाय का?" त्या म्हणायच्या, "ल्हान असतास तर कानाखाली दिली असती. दाखव." खिसे तपासायच्या, टेम्पोच्या सीटखाली हात घालायच्या. त्यानं पूर्ण सोडली असं मी शपथेवर सांगणार नाही, पण आईला जीभ दाखवायची लाज मर्दाच्या शब्दापेक्षा टिकाऊ निघाली. माझ्या पानात मेथी, माठ, मटकी, वर पिळलेलं लिंबू यायचं. गोळी घेतली का, हे त्या तोंडानं विचारायच्या नाहीत. पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवायच्या आणि मी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत.

त्यांनी स्वतः मिसरी सोडली नाही. पण उंबऱ्यातली बैठक सोडली. मागं, गोठ्याच्या आडोशाला, माझ्याकडं पाठ करून लावायच्या आणि चूळ भरून, पदरानं तोंड पुसूनच घरात यायच्या. मग उंबऱ्यात माझ्याशेजारी येऊन बसायच्या, बोट तोंडात न घालता. सुरुवातीला आम्हा दोघींनाही हातांचं काय करावं ते कळायचं नाही. मी त्यांच्या मांडीवर हुक लावायची ब्लाऊजं टाकली.

तीन महिने भरले, वर आणखी एक गेला आणि दिवस राहिले. चौथा महिना लागला त्या दिवशी मी दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. पाचवा लागला, सहावा लागला. माझा पाय कुठं ठरत नव्हता. रोज सकाळी उठले की आधी पोटावर हात ठेवायचे आणि मग डोळे उघडायचे. आत्या रोज एकच विचारायच्या, "हलतंय?" मी हो म्हटलं की कामाला लागायच्या.

विट्याच्या दवाखान्यातच बाळंत झाले. सिस्टरनं दुपटं गुंडाळून आत्यांच्या हातात दिलं. त्यांनी दुपटं उघडून बाळाचं तोंड बघितलं नाही. हात किंचित खाली गेले, त्या सावरल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मग सिस्टरला म्हणाल्या, "काट्यावर घाला." सिस्टर म्हणाली, घातलंय आजी. "माझ्या म्होरं घाला," आत्या म्हणाल्या.

पाचव्या दिवशी संपत टेम्पो घेऊन आला. आत्या पुढं बसल्या, बाळ मांडीवर, मी मधे. गल्लीच्या तोंडाशीच काशाक्का आणि चार बायका उभ्या होत्या. संपतनं गाडी थांबवली. आत्या खाली उतरल्या आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी दुपटं काशाक्काच्या हातात दिलं.

"धर. नीट धर. पेलतंय का बघ."

"आगं हौसे, पन झालं काय? पोरगा का पोरगी?"

"पावनेतीन किलो," आत्या म्हणाल्या.